लास व्हेगास : तीन दिवसांचा हिशेब

सांगलीच्या मार्केट यार्डातील एका भुसार पेढीवर मार्चअखेरीस हिशेबाच्या वह्यांबरोबर आणखी एक कागद फिरत होता. वर्षअखेर संपली की पेढीचे ज्येष्ठ मालक, त्यांच्या पत्नी आणि एकवीस वर्षांचा नातू असे तिघे कॅलिफोर्नियात लेकीकडे जाणार होते. तेथून तीन दिवस लास व्हेगास पाहावे, असा बेत नातवाने मांडला होता. कागदावर मोटार, मुक्काम, भोजन, प्रवेशशुल्क अशी खाती नीट पाडलेली होती. शेवटची ओळ होती : ‘गंमत – १०० डॉलर’. आजोबांनी त्या ओळीसमोर पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह काढले आणि काही न बोलता कागद परत केला.

सप्तव्यसनांत द्यूताचा क्रमांक पहिला. ज्या घरात हे लहानपणीच पाठ होते, त्या घराने जुगाराच्या राजधानीत जावे तरी कशासाठी, हा प्रश्न उभा राहणारच. त्यावर आजींनी स्वयंपाकघरातूनच निकाल दिला : “बाजारातून चाललो म्हणून दिसेल ते विकत घ्यावं लागतं का?” पेठेत आयुष्य काढलेल्या माणसाला हा युक्तिवाद खोडणे कठीण होते. जायचे ठरले. मात्र कागद नव्याने करायचा, तोही आधी त्या शहराची माहिती करून घेऊन, अशी अट आजोबांनी घातली.

लास व्हेगास या स्पॅनिश नावाचा अर्थ ‘कुरणे’. मोहावे वाळवंटातील या जागी जमिनीतून पाणी वर येत असे, म्हणून गवत होते आणि गवत होते म्हणून वाटसरू थांबत. १५ मे १९०५ रोजी रेल्वे कंपनीने येथील भूखंडांचा लिलाव पुकारला आणि गाव वसले. १९३१ हे साल त्या गावाच्या इतिहासात दोन कारणांनी महत्त्वाचे ठरले. मार्चमध्ये नेवाडा राज्याने जुगाराला कायदेशीर मान्यता दिली आणि त्याच वर्षी जवळच कोलोरॅडो नदीवर प्रचंड धरणाचे काम सुरू झाले. आज ज्याला हूवर धरण म्हणतात, ते हेच. मंदीच्या त्या काळात हजारो मजूर कामासाठी येथे आले. त्यांच्या हाती पगार आला, आणि पगार उडविण्याची सोय चाळीस किलोमीटरवर उपलब्ध होती.

ज्या झगमगाटाला जग लास व्हेगास म्हणते, तो ‘स्ट्रिप’ नावाचा सुमारे पावणेसात किलोमीटरचा रस्ता बहुतांशी लास व्हेगास शहराच्या हद्दीत नाहीच. पॅरडाइज नावाच्या, स्वतःची नगरपालिका नसलेल्या वस्तीत तो येतो आणि तिचा कारभार क्लार्क काउंटी पाहते. येथे जुने जपून ठेवण्याची फारशी रीत नाही. एकेकाळी नावाजलेली स्टारडस्ट, रिव्हिएरा ही हॉटेले सुरुंग लावून पाडली गेली. ऑक्टोबर २०२४ मध्ये ट्रॉपिकानाचीही तीच गत झाली. पाडलेल्या आणि बंद पडलेल्या हॉटेलांच्या दिव्यांच्या पाट्या मात्र निऑन म्युझियममध्ये जपून ठेवल्या आहेत. दुकान मोडल्यावर पाटी तेवढी उरावी, हे दृश्य व्यापाऱ्याला पाहण्याजोगे वाटेल.

या शहराचा धंदा समजण्यासाठी एकच उदाहरण पुरेसे आहे. रुलेट नावाच्या खेळात एक चक्र फिरते. अमेरिकी चक्रावर १ ते ३६ हे आकडे, एक शून्य आणि एक दुहेरी शून्य असे ३८ कप्पे असतात. ज्या आकड्यावर गोळी थांबेल, त्यावर लावलेल्या एका डॉलरला ३५ डॉलर मिळतात आणि लावलेला डॉलर परत येतो. आता एखाद्याने सगळ्याच कप्प्यांवर एकेक डॉलर लावला, तर लावले ३८ आणि हाती आले ३६. म्हणजे गोळी कोठेही थांबली तरी दोन डॉलर मालकाचे. हे प्रमाण ५.२६ टक्के पडते. काही टेबलांवर आता तिसरे शून्यही वाढविले आहे. तेथे कप्पे ३९ आणि मालकाची कसर ७.६९ टक्के.

आजोबांनी हे गणित नातवाकडून पाठकोऱ्या पावतीवर दोनदा करवून घेतले. भुसार मालात दीड-दोन टक्के सुटले तर दिवस बरा गेला असे मानणाऱ्या माणसाला सव्वापाच टक्क्यांचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. शिवाय ही कसर हंगामातून एकदा नव्हे, चक्राच्या प्रत्येक फेरीला कापली जाते. त्या जागी नशिबावर हवाला न ठेवणारा एकच माणूस असतो, तो म्हणजे जुगारघराचा मालक. तो दुकानदार आहे. समोर बसलेला, स्वतःला खेळाडू म्हणविणारा मनुष्य त्याचे गिऱ्हाईक आहे.

“पण आजोबा, शंभर डॉलरनं काय होतं?” नातवाने विचारले.

आजोबा बराच वेळ गप्प राहिले. नंतर त्यांनी जे सांगितले, ते त्या घरात पन्नास वर्षांत कोणी मोठ्याने उच्चारले नव्हते. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून तारेने येणाऱ्या भावांच्या आकड्यांवर मुंबईत पैजा लागत. पुढे ते भाव बंद झाले, तेव्हा मडक्यातून चिठ्ठ्या काढून आकडा ठरू लागला आणि त्या धंद्याला मटका हे नाव पडले. मुंबईचा तो आकडा गावोगाव पोचला, तसा सांगलीतही पोचला. आजोबांचे थोरले बंधू पेढीवर बसत. त्यांनी चार आण्यांनी सुरुवात केली होती. चौथ्या वर्षी पेढीचे दोन गाळे विकावे लागले आणि थोरले बंधू पुन्हा कधी गादीवर बसले नाहीत. “त्यांचं अक्षर फार सुंदर होतं,” आजोबा म्हणाले. “जुन्या रोजमेळात अजून आहे.”

नातू खाली मान घालून ऐकत राहिला. त्यालाही एक गोष्ट ठाऊक होती. दोन वर्षांपूर्वी मोबाइलवर ऑप्शनचे सौदे करून त्याने ८५,००० रुपये घालविले होते आणि वडिलांनी ते गुपचूप भरले होते. ‘सेबी’च्या २०२४ च्या अहवालानुसार तीन वर्षांत वायदे व ऑप्शनमध्ये उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. आजोबांनी त्या ८५,००० रुपयांचा उल्लेख केला नाही. परंतु घरखर्चाची खतावणी त्यांच्याच हाती असे, आणि त्यांच्या नजरेतून एवढी रक्कम सुटली असेल असे नातवालाही वाटले नाही.

यानंतरची आखणी तिघांनी मिळून केली. पहिला प्रश्न ऋतूचा. जुलैत तेथील दुपारचे तापमान ४० अंशांच्या वर जाते; ७ जुलै २०२४ रोजी ते ४८.९ अंश सेल्सिअस या विक्रमी पातळीवर पोचले होते. म्हणजे उन्हाळा वर्ज्य. नोव्हेंबरअखेरीस हवा सुखद असते, पण सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो. सूर्यास्तापूर्वी भोजन उरकणाऱ्या कुटुंबाला हे फार अडचणीचे. एप्रिलच्या मध्यास मात्र दुपार साधारण २५-२६ अंशांची आणि सूर्यास्त सव्वासातचा. वर्षअखेरीचे कामही संपलेले. तेव्हा एप्रिलच पक्का झाला.

सूर्यास्ताला या शहरात आणखी एक महत्त्व आहे. जुगारघराच्या दालनांत साधारणतः खिडक्या नसतात आणि भिंतीवर घड्याळ आढळत नाही. प्रकाश चोवीस तास सारखाच असतो. बाहेर दुपार आहे की मध्यरात्र, हे आत बसलेल्याला कळत नाही, आणि ते कळू नये अशीच रचना असते. पैशाचा हिशेब सुटण्याआधी वेळेचा हिशेब सुटतो. ज्या घरात सूर्याकडे पाहून ताट वाढले जाते, त्या घराजवळ हा हिशेब आयताच असतो. नातवाने नव्या कागदावर पहिला रकाना सूर्यास्ताच्या वेळेचा आखला.

वार सोमवार ते बुधवार ठरले. शनिवार-रविवारी आणि मोठ्या व्यापारी प्रदर्शनांच्या काळात खोल्यांचे दर चढतात. आपल्या समाजातील हिरे-जवाहिराचे अनेक व्यापारी दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी तेथे भरणाऱ्या ‘जेसीके’ प्रदर्शनासाठी जातात. त्यांना हा अनुभव असेलच. खोलीच्या भाड्याखेरीज बहुतेक हॉटेले रोजचे ‘रिसॉर्ट शुल्क’ घेतात, त्यावर सुमारे १३ टक्के कर आणि अनेक ठिकाणी मोटार उभी करण्याचे पैसेही. स्ट्रिपवरील मोठ्या हॉटेलांना आता जुगारापेक्षा खोल्या, भोजन आणि कार्यक्रम यांतून अधिक उत्पन्न मिळते. म्हणून न खेळणाऱ्यानेही डोळे उघडे ठेवावे. दर पाहताना सर्व आकार धरून होणारी अखेरची रक्कमच पाहावी.

पैशाबाबत आणखी काही सावधगिरी आवश्यक आहे. भारतातील परकीय चलनाच्या २००० सालच्या नियमांनी लॉटरीची तिकिटे, स्वीपस्टेक यांसारख्या गोष्टींसाठी परदेशी पैसे पाठविण्यास मनाई केली आहे. क्रेडिट कार्डावर यंत्रातून रोख उचलल्यास शुल्क वेगळे पडते आणि व्याज साधारणतः त्याच दिवसापासून धावू लागते. एखाद्या परदेशी पाहुण्याला नाण्यांच्या यंत्रावर मोठी रक्कम लागलीच, तर तीतून ३० टक्के कर जागीच कापून घेतला जातो.

मुक्कामाचा प्रश्न सर्वांत अनपेक्षित रीतीने सुटला. स्ट्रिपवरही जुगारघर नसलेली हॉटेले आहेत. बेलाजिओशेजारचे व्हडारा त्यांपैकी एक असून तेथील खोल्यांत छोटे स्वयंपाकघर असते. कांदा-लसूण व कंदमूळ वर्ज्य असणाऱ्यांना ही मोठी सोय. पण आजोबांचे लक्ष नकाशावरील दुसऱ्याच गावाने वेधले. धरणाच्या मजुरांसाठी सरकारने १९३१ मध्ये बोल्डर सिटी नावाचे गाव वसविले. मजुरांचा पगार घरी पोचावा म्हणून तेथे जुगाराला बंदी घातली. धरण पुरे होऊन कित्येक दशके लोटली. सारे नेवाडा राज्य जुगारावर उभे राहिले. तरी बोल्डर सिटीत ती बंदी आजही कायम आहे. स्ट्रिपपासून हे गाव अर्ध्या-पाऊण तासाच्या वाटेवर आहे. “मुक्काम तिथे,” आजोबा म्हणाले, आणि त्यावर चर्चा झाली नाही.

मग दिवस भरभर आखले गेले. सोमवारी लॉस एंजेलिसहून सुमारे ४३५ किलोमीटरचा वाळवंटी रस्ता कापून गाव गाठायचे. बरोबर खाकरे, थेपले आणि सांगलीचे भडंग. साडेसहाला भोजन आटोपून स्ट्रिपवर जायचे. बेलाजिओसमोरची कारंजी आणि आतील पुष्पवाटिका पाहण्यास तिकीट लागत नाही. कारंज्यांचे पाणी त्या जागेतील जुन्या गोल्फ मैदानाच्या विहिरीचे आहे, हे ऐकून आजींना बरे वाटले.

मंगळवार धरणासाठी. हूवर धरणाची उंची २२१ मीटर, म्हणजे आपल्या कोयनेच्या दुपटीहून अधिक. त्याच्यामागचा लेक मीड हा जलाशय दक्षिण नेवाडाला सुमारे ९० टक्के पाणी पुरवितो. २०२२ च्या जुलैत तो १९३७ नंतरच्या नीचांकी पातळीवर गेला होता. काठच्या खडकांवरील पांढरा पट्टा पाणी पूर्वी कोठवर होते ते दाखवितो. कृष्णेचा पूर आणि कृष्णेचा दुष्काळ दोन्ही पाहिलेल्या माणसांना हा पट्टा वाचता येईल. धरणाच्या मनोऱ्यांवर दोन घड्याळे आहेत : एक नेवाडाच्या वेळेचे, दुसरे पलीकडच्या ॲरिझोनाच्या वेळेचे. हिवाळ्यात त्यांत तासाचा फरक असतो. एप्रिलमध्ये दोन्ही एकच वेळ दाखवितात.

बुधवारी पहाटे रेड रॉक कॅन्यन. तांबड्या खडकांमधून जाणारा हा एकवीस किलोमीटरचा एकेरी रस्ता ऑक्टोबर ते मे या काळात वेळ आगाऊ राखून ठेवूनच पाहावा लागतो. त्याच वाटेवर समरलिन भागात हिंदू व जैन मंदिर आहे. तेथे दर्शन घेऊन परतीची वाट धरायची.

निघण्याच्या आदल्या रात्री आजोबांनी कागद शेवटचा पाहिला. जुन्या कागदावरची ‘गंमत – १०० डॉलर’ ही ओळ नव्या कागदावरही होती. रक्कम तीच होती. शब्द मात्र नातवाने बदलले होते : ‘हूवर धरण, आतील भाग – तीन तिकिटे. उरल्यास परत जमा.’ आजोबांनी वाचले आणि कागद घडी करून खिशात ठेवला. मग नातवाला हाक मारून त्यांनी कपाटातला पन्नास वर्षांपूर्वीचा रोजमेळ काढला आणि थोरल्या भावाच्या अक्षराचे पान त्याच्यासमोर उघडून ठेवले.