हुकमाचं पाणी

तेजपूरच्या क्वार्टरच्या व्हरांड्यात बायकोने एक ‘स्ट्रिंग ऑफ पर्ल्स’ टांगलं होतं. हिरव्या मण्यांच्या माळा कुंडीबाहेर लोंबतात, ते. देवळालीपासून ते आमच्या सामानात फिरतंय. मुलीच्या बारावीसाठी जूनमध्ये पुण्याला निघताना ती एवढंच म्हणाली, “विसरलास तरी चालेल.”

खडकवासल्याला तीन वर्षं काढलेल्या माणसाला असली सूचना कळत नाही. मी सहायकाला सांगून टाकलं, रोज सकाळी एक मग पाणी.

जुलैअखेरीस मणी सुरकुतले. तहानलं असेल म्हणून मी दोन मग केले. आठवड्याने बुंध्याजवळच्या माळा काळ्या पडून हातात यायला लागल्या. आणखी पाणी घाल म्हणालो, तेव्हा सहायक दारात घुटमळला. तो बाडमेरचा.

“साहब, इसको प्यास नहीं है. ये डूब रहा है.”

“पहले क्यों नहीं बोला?”

“आपका हुकुम था, साहब.”

यावर काय बोलणार?

कुंडी उपडी केली तर गटारासारखा वास. मुळं तपकिरी, बुळबुळीत. ओढलं की साल सुटून आतला दोरा हातात. भिजून गच्च झालेल्या मातीत हवा राहत नाही, मुळं गुदमरतात, मग बुरशी त्यांना कुजवते. कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही, म्हणून मणी आक्रसतात. अगदी तहानेसारखेच. आणि आपण आणखी ओततो. मूळचं दक्षिण आफ्रिकेच्या कोरड्या भागातलं झाड. पाण्याचा साठा मण्यातच ठेवतं. त्याला आसामातला पावसाळाच पुरेसा होता, वर माझे दोन मग.

ब्लेड स्पिरिटने पुसून कुजकं सगळं कापलं. वीतभर लांबीच्या तीन माळा धड निघाल्या. काप सुकावेत म्हणून दोन दिवस त्या सावलीत वर्तमानपत्रावर ठेवल्या. मग भोकाची लहान मातीची कुंडी, निम्मी माती, निम्म्यात विटांचे बारीक तुकडे आणि जाड रेती. माळा पुरल्या नाहीत, वर आडव्या पसरल्या. देठ मातीला टेकतो तिथेच मुळं फुटतात. हलू नयेत म्हणून बायकोच्या हेअरपिना खोचल्या. आठवडाभर पाण्याचा थेंब नाही. तो आठवडा मला जड गेला.

तीनपैकी दोन माळा जगल्या. आता सहायक मातीत बोट खुपसून बघतो आणि पाणी द्यायचं की नाही ते ठरवतो. मी मगाला हात लावत नाही.

बायको दिवाळीत येतेय. फोनवर अजून काही सांगितलेलं नाही. हेअरपिना ती ओळखेलच.