हवा किती आहे?

एकदा बंद केलेली गोष्ट खरोखरच बंद झाली आहे की नाही, हे पाहण्यासाठी ती पुन्हा उघडायची मला जुनी खोड आहे. पाकीट चिकटवून झाले की आत पत्र घातले ना, अशी शंका मला नेमकी पोस्टाच्या पेटीपाशी येते. भात शिजत ठेवला की मी दोनदा तरी झाकण काढून पाहतो. "अहो, तुम्ही बघता म्हणूनच तो कच्चा राहतो!" हे आमच्या मंडळींचे वाक्य मी चाळीस वर्षे ऐकत आलो आहे. पण त्या वाक्यात पदार्थविज्ञानाचा एक पक्का नियम दडलेला आहे, हे कळायला मला अमेरिकेत जावे लागले आणि एका म्हाताऱ्या मोटारसायकलपुढे गुडघे टेकावे लागले.

माझा मुलगा ओहायो राज्यात कोलंबस शहराजवळ राहतो. गेल्या वर्षी मे महिन्यात आम्ही दोघे त्याच्याकडे गेलो. वरवर पाहता सहलीला, पण खरे कारण निराळे होते. त्याची अकरा वर्षांची नोकरी फेब्रुवारीत गेली होती. फोनवर तो "सगळं ठीक आहे" असे म्हणे. पण एका फोनमध्ये माणूस तीनदा ठीक आहे म्हणाला की ठीक नाही, एवढे आईबापांना कळते.

जाऊन पाहतो तो चिरंजीव गॅरेजमध्ये. सूनबाई सकाळी कामावर गेली की हा संगणकावर अर्ज करी आणि दुपारपासून एका जुन्या मोटारसायकलपाशी बसे. गाडी १९८२ सालची, जपानी. एका म्हाताऱ्याकडून त्याने ती स्वस्तात घेतली होती. दुखणे एकच. पुढचा ब्रेक दाबला की गाडी साष्टांग नमस्कार घालायला निघे.

मला हुरूप आला. तरुणपणी माझ्यापाशी मैसूरची जावा होती आणि नाना पेठेतल्या मिस्त्रीच्या पाटावर बसून मी तिच्या पुढच्या फोर्कचे ऑइल सील दोनदा बदलून घेतले होते. "अरे, तेल कमी झालं असेल," मी तज्ज्ञाच्या आवाजात म्हणालो.

"बाबा, यात हवा असते," तो म्हणाला.

पुढचे चाक दोन्ही बाजूंनी धरणारे जे दोन नळीदार पाय असतात, तो फोर्क. माझ्या जावाच्या पायांत स्प्रिंग आणि तेल एवढाच संसार होता. धक्का स्प्रिंगने झेलायचा आणि स्प्रिंगची उसळी तेलाने आवरायची. या गाडीत तिसरा भागीदार होता. १९७८ च्या सुझुकी जीएस १००० वर आणि १९८० च्या होंडा गोल्ड विंग जीएल ११०० वर ही हवेची सोय होती, आणि त्या काळी अशा कितीतरी मोठ्या गाड्यांनी ती उचलली. नळीत तेलाच्या वर जी थोडी पोकळी उरते, तीत वरच्या व्हॉल्व्हमधून पंपाने हवा भरायची. एकटे हिंडायचे तर कमी, मागे बायको आणि सामान असेल तर थोडी जास्त. खड्ड्यात पाय आत दबला की पोकळी लहान होते, हवा आवळली जाते आणि जितकी आवळावी तितकी ती उलट ढकलते. म्हणजे लहान खड्ड्याला मऊ आणि मोठ्याला कडक. मुख्य भार स्प्रिंगचाच, हवा तिची मदतनीस. पण चाळीस वर्षे रबराच्या कड्यांनी हवा धरून ठेवावी, ही अपेक्षा कोणत्याही रबराकडून करू नये.

हवा कुठून जाते ते शोधायचे ठरले. आपला पंक्चरवाला ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवतो. पण मोटारसायकल काही घमेल्यात बुडवता येत नाही. म्हणून मी माझा दाढीचा ब्रश आणला आणि साबणाचा फेस करून जिथे जिथे जोड दिसला तिथे फासला. व्हॉल्व्हच्या तोंडाशी बुडबुडा आला. आतली पिन बदलली. दोन्ही पायांची हवा सारखी राहावी म्हणून त्यांना जोडणारी एक बारीक नळी होती. तिच्या टोकाशी दोन बुडबुडे आले. तिथल्या रबरी कड्या बदलल्या. डाव्या पायावर तेलाची काळी रेघ होती, म्हणजे सीलही गेले होते. तो पाय खोलताना मुलाने माझा हात धरला. "आधी हवा सोडा, बाबा. दाब असताना वरची टोपी काढली तर तोंडावर येईल." नवे सील त्याने प्लॅस्टिकच्या पाइपाच्या तुकड्याने ठोकून बसवले. तेल दोन्ही पायांत पट्टीने मोजून एकाच पातळीला घातले. तेल जास्त झाले तर हवेला जागा कमी उरते आणि फोर्क दगडासारखा होतो, हेही मला तेव्हाच कळले.

"चल, पेट्रोलपंपावर जाऊन हवा भरून आणू," मी म्हणालो. तो हसला. मोटारीच्या टायरसाठी असलेली ती हवा एका झटक्यात या एवढ्याशा पोकळीत घुसली तर नवे सील फाटायचे. म्हणून गाडी मधल्या स्टँडवर घेऊन, पुढचे चाक अधांतरी ठेवून, गाडी थंड असताना साध्या हातपंपाने आम्ही पंधरा पौंड हवा भरली. काम फत्ते झाले.

आणि इथे माझी खोड जागी झाली.

हवा टिकते की नाही हे पाहायला नको का? मी एक गेज हाती घेतले आणि एक वहीही घातली. रोज संध्याकाळी जेवणाआधी मोजायची आणि लिहायची. पहिल्या दिवशी पंधरा, मग तेरा, मग साडेअकरा, मग दहा. मी हवालदिल झालो. पुन्हा ब्रश, पुन्हा फेस, पण एकही बुडबुडा दिसेना.

याच दिवसांत जेवणाच्या टेबलावर मी आणखी एक मोजणी चालवली होती. पान वाढले की मी विचारी, "काय रे, आज कुठून काही उत्तर आलं का?" पहिल्या दिवशी मुलगा दहा मिनिटे बोलला. दुसऱ्या दिवशी दोन वाक्ये. तिसऱ्या दिवशी "बघू." चौथ्या दिवशी भूक नाही म्हणून तो जेवायलाच आला नाही. ते मात्र मी वहीत लिहिले नव्हते.

पाचव्या संध्याकाळी मी गेज लावत असताना तो मागे येऊन उभा राहिला.

"बाबा, गेज लावताना आणि काढताना फुस्स होतं, ऐकलंत?"

"ते व्हायचंच. टायरलाही होतं."

"टायरमध्ये हवा कितीतरी लिटर असते. त्यातली चमचाभर गेली तर पत्ताही लागत नाही. इथे दोन्ही पायांत मिळून पेला-दीड पेला जागा. गेज भरायलासुद्धा त्यातलीच हवा लागते. फोर्क गळत नाहीये. तुम्ही मोजताय ना, त्यानेच ती जातेय."

मी वहीकडे पाहत राहिलो.

"मग मोजायचं तरी कसं?"

"पंप लावलेला असतानाच त्याच्या काट्यावर बघायचं. काढताना थोडी जाते, ती धरूनच चालायचं. आणि मग आठ दिवस हात लावायचा नाही."

त्याने पुन्हा पंधरा पौंड भरले, गेज माझ्या हातातून घेतले आणि वरच्या फळीवर ठेवले. तो फोर्कबद्दलच बोलत होता, याविषयी मला शंका नाही. पण रात्री पान वाढल्यावर नेहमीचा प्रश्न माझ्या ओठांशी आला आणि कानांत ते फुस्स वाजले. मी प्रश्न आमटीबरोबर गिळला. मंडळींनी माझ्या कपाळाला हात लावून ताप तर नाही ना, ते पाहिले.

ते आठ दिवस कसे काढले, माझे मला ठाऊक. गॅरेजच्या दारावरून मी हात पाठीमागे बांधून जाई. टेबलावर पुण्यातल्या पावसाविषयी बोले. आपण मायेने विचारतो, त्यात काय वाईट, असे मनात येई. पण माया गेजलाही असेल कदाचित. ज्याच्यापाशी आधीच थोडे उरले आहे, त्याला त्यातूनच आपली नळी भरून द्यावी लागते, त्याचे काय?

आठव्या संध्याकाळी त्यानेच गेज खाली काढले आणि मला दिले. मी एकदाच लावले. तेरा! पहिल्या मोजणीत गेली होती तेवढीच हवा गेली होती. म्हणजे आठ दिवसांत फोर्कने आपणहून काहीच सोडले नव्हते.

मुलगा उपड्या बादलीवर बसला. थोड्या वेळाने म्हणाला, "बाबा, एप्रिलमध्ये दोन ठिकाणी अगदी शेवटच्या फेरीपर्यंत गेलो होतो. दोन्हीकडे नाही म्हणाले. तुम्ही विचारायचात ना, तेव्हा सांगवत नव्हतं."

मग तो अर्धा तास बोलला. घराचे हप्ते, सूनबाईचे ओझे, रात्रीची गेलेली झोप. आतून जेवायची दोन बोलावणी आली. त्या अर्ध्या तासात मी एकही प्रश्न विचारला नाही. माझ्या हयातीतला तो विक्रम असावा.

परतण्याच्या आदल्या दिवशी त्याने मला मागे बसवून फिरवून आणले. निघण्यापूर्वी माझ्या वजनाखातर त्याने दोन पौंड हवा जास्त भरली. सिग्नलपाशी ब्रेक दाबला तेव्हा गाडीने साष्टांग घातला नाही. ओळखीच्या माणसाला करतात तसा हलकासा नमस्कार केला आणि ती ताठ उभी राहिली. नोकरी तेव्हा लागली नव्हती. ती पुढे दिवाळीनंतर लागली, आणि ती बातमी त्यानेच फोन करून दिली. मी विचारले नव्हते.

भाताचे झाकण मात्र मी अजून दोनदा काढतो. साऱ्याच खोडी काही एका उन्हाळ्यात जात नाहीत.