अळमीचा माग

आषाढ सरत आला. रात्री गडगडलं की सकाळी गोव्यातल्या इब्रामपुरात एकच चौकशी: अळमी, म्हणजे रानातली अळंबी, आली का? रोयणीवरचं, म्हणजे वाळवीच्या वारुळावरचं, एक अळंबं हलकेच उकरून पाहिलं. टोकदार टोपी, आणि देठ मुळासारखा निमुळता होत थेट वाळवीच्या घरात उतरलेला. ही टर्मिटोमायसीस बुरशी; हे नाव रॉजर हाइम यांनी १९४२ साली दिलं. गोवा विद्यापीठात डॉ. नंदकुमार कामत यांनी तिच्यावर वर्षानुवर्षं काम केलं.

वाळवीच तिची शेती करते, म्हणून वारूळ तेच, जागा तीच. अंदाज बांधायला याहून सोपी बुरशी कुठली? पण अळमी कुठे, कधी उगवेल ते सांगणाऱ्या संगणकाच्या नकाशाला नोंदी लागतात: ठिकाण, तारीख, पाऊस. मिळतात त्या बहुधा रस्त्याकडेच्या. रानातल्या जागा ज्याच्या त्याच्या घरचं गुपित. मग नकाशा अळमीपेक्षा नोंदणारा कुठवर चालला तेच दाखवतो! शिवाय सीमेपलीकडे महाराष्ट्रातल्या दोडामार्गात वाळवी तीच, वही मात्र दुसऱ्या राज्याची. मला तरी अजून गावच्या म्हाताऱ्यांचाच अंदाज भरवशाचा वाटतो.

जागा नका सांगू हवं तर, पण पहिली अळमी दिसल्याची तारीख लिहून ठेवा. आणि वारूळ फोडू नका.