धर्मापुरीची सहल

गतवर्षी उन्हाळ्यात आमच्या वर्गाची सहल बीड जिल्ह्यातील धर्मापुरी येथे गेली होती. तेथील केदारेश्वराचे मंदिर चालुक्यकालीन असून त्याच्या बाहेरील भिंतींवर सुरसुंदरींची सुरेख पाषाणशिल्पे आहेत. गुरुजींच्या आज्ञेप्रमाणे आम्ही प्रत्येकाने एकेक शिल्प रेखाटले. दोन प्रहरी लिंबाच्या छायेत भाकरी, ठेचा व कांदा ह्यांचा समाचार घेतल्यावर आमचा एक सोबती हात उशाशी घेऊन आडवा झाला आणि टोपी तोंडावर ओढून मुद्दाम घोरू लागला. आम्हांस हसू आवरेना. कागद व पेन्सिली जवळच होत्या. परंतु हे दृश्य रेखाटावे, असे कोणाच्याही मनात आले नाही.

पुढे पावसाळ्यात गुरुजींनी आम्हांस एका जर्मन चित्राची प्रतिकृती दाखविली. गॅब्रिएल म्युंटर ह्या चित्रकर्तीने १९०८-०९ च्या सुमारास ते काढिले. आल्प्स पर्वताच्या पायथ्याशी मुर्नाउ गावी ती आपल्या चित्रकार मित्रांसह राहून चित्रे काढीत असे. हिरव्या कुरणावर याव्हलेन्स्की व वेरेफकिन हे तिचे दोघे स्नेही विसावले आहेत. मात्र त्यांच्या चेहऱ्यांवर नाक नाही, की डोळे नाहीत! आम्ही म्हणालो, “गुरुजी, चित्र अपुरे आहे.” गुरुजींनी विचारिले, “मित्र दुरून येत असता, तोंड दिसण्यापूर्वीच तुम्ही त्यास कसे ओळखिता?” आम्ही निरुत्तर झालो.

हिटलरच्या राजवटीत अशी नव्या वळणाची चित्रे हीन ठरली, तेव्हा म्युंटरबाईंनी आपली व मित्रांची चित्रे घरात लपवून वाचविली आणि १९५७ साली म्युनिकच्या लेनबाखहाउस संग्रहालयास अर्पण केली, हेही गुरुजींनी सांगितले.

दिवाळीनंतर आमचा तो सोबती आईवडिलांबरोबर ऊसतोडणीस गेला. हंगाम संपला, सुट्टीनंतर शाळाही भरली, परंतु बाकावरील त्याची जागा रिकामीच राहिली. आम्ही चित्रवह्या उघडल्या. पानोपानी सुरसुंदरी होत्या. तो कोठेच नव्हता.

अखेर आम्ही सर्वांनी मिळून स्मरणाने एक चित्र काढिले: लिंबाची सावली, उशाशी हात, तोंडावर टोपी. चेहरा काढावा लागलाच नाही. तरीही शिपाईमामांनी ते पाहताच त्याचे नाव घेतले.

ते चित्र आम्ही जपून ठेविले आहे. तो परत शाळेत यावा आणि ते त्याच्या हाती देण्याचा योग यावा, हीच प्रभुचरणी प्रार्थना.