माहीमचा बाजार आणि उधारीची वही

माहीम म्हटले की अनेकांना मुंबईतला मखदूम अली माहिमींचा दर्गा आठवतो. आपले माहीम वेगळे. पालघर स्टेशनच्या पश्चिमेला, समुद्राकाठी, केळव्याच्या शेजारी. पानवेलींच्या आणि केळीच्या वाड्यांचे हे गाव. ब्रिटिश काळात आजचा पालघर तालुका ‘माहीम तालुका’ म्हणूनच ओळखला जाई. पण रेल्वे गेली पालघरवरून, आणि हळूहळू मोठा बाजारही तिकडेच सरकला.

त्यानंतर कितीतरी वर्षे इथल्या घरांची खरेदी तीन ठिकाणी वाटलेली होती. मीठमिरची गावच्या दुकानातून, कापड आणि भांडी पालघरहून. ईद किंवा निकाहची मोठी खरेदी मात्र मुंबईला. १८६९ साली उभे राहिलेले क्रॉफर्ड मार्केट, तिथून महंमद अली रोड आणि भेंडी बाजार. अशी फेरी वर्षातून एखाद-दोनदाच व्हायची. घरात आधी यादी बने, शेजाऱ्यांची कामेही तीत लिहिली जात.

२०१३ मध्ये लोकल डहाणूपर्यंत आली. २०१४ मध्ये पालघर जिल्ह्याचे ठिकाण झाले. दुकाने वाढली, आणि मग बाजार मोबाइलवर आला. याचा फायदा नाकारू नये. पूर्वी पुरुष आणतील तेच कापड अनेक घरांत नेसावे लागे. आज घरातली मुलगी स्वतः रंग निवडते, भाव पडताळते आणि नको असेल तर परत करते.

हरवत चालली आहे ती उधारीची वही. पानांचे पैसे हाती येईपर्यंत किंवा आजारपण सरेपर्यंत ओळखीचा दुकानदार थांबत असे, आणि त्यावर व्याज लावत नसे. मोबाइलवरचा हप्ता माणूस ओळखत नाही. तारीख चुकली की दंड लागतो. अडचणीतल्या देणेकऱ्याला सवड देण्याची शिकवण सूरह बकरामध्ये आहे. गावचा दुकानदार ती न बोलता पाळत होता.

पण सवलतीच्या वेळी मोबाइल आणि अडचणीच्या वेळी गावचे दुकान, असे केले तर ते दुकान किती दिवस तग धरेल? येत्या रमजानला खजूर, शेवया, बेसन एवढे तरी गावातूनच घेऊ या. आणि वहीत आपले नाव असेल, तर ईदच्या चांदाआधी ती बाकी फेडू या.