वैऱ्याच्या विमानाचा अहवाल

उभी हयात शासकीय सेवेत काढल्यामुळे असेल, कोणतेही पुस्तक हाती आले की आम्ही त्यात अहवाल शोधू लागतो. एरिक ब्राऊन या ब्रिटिश चाचणी-वैमानिकाचे जर्मन लढाऊ विमानांवरील लेखन वाचताना तो शोधावा लागला नाही. एकेक प्रकरण म्हणजे एकेका विमानाचा गोपनीय अहवालच.

ब्राऊन (१९१९–२०१६) नौदलाचे वैमानिक. ४८७ प्रकारची विमाने त्यांनी चालवली. जर्मन भाषा त्यांना उत्तम येई. ती शिकण्याचा आणि वैमानिक होण्याचा सल्ला त्यांना युद्धापूर्वी दिला होता तो अर्न्स्ट उडेट या जर्मन वैमानिकानेच! या भाषाज्ञानामुळे एप्रिल १९४५ मध्ये, बर्गन-बेल्सनची छळछावणी मुक्त झाल्यावर, तिचा प्रमुख क्रामर याच्या चौकशीस त्यांना बसावे लागले. तेथे जे दिसले ते जन्मभर विसरता येण्याजोगे नव्हते. आणि त्यानंतर काही आठवड्यांतच हा गृहस्थ त्याच राजवटीच्या विमानांत बसून त्यांचे गुण नोंदवत होता. दोष तर नोंदवीलच. गुण नोंदवत होता, याचे आम्हांला नवल वाटते.

फोक-वुल्फ १९० चेच पाहा. जून १९४२ मध्ये एक जर्मन वैमानिक दिशा चुकून वेल्समधील पेम्ब्रे येथे उतरला आणि हे विमान ब्रिटिशांना आयते सापडले. या जातीच्या विमानाची हलकी, तत्पर नियंत्रणे आणि कुशीवर वळण्याची चपळाई यांची ब्राऊन मोकळ्या मनाने वाखाणणी करतात. मात्र वेग फार उतरला की ते पूर्वसूचना न देता एक पंख टाकून जवळजवळ उताणे होते, हेही लगेच सांगतात. मेसरश्मिट १०९ चा दबदबा मोठा. पण वेग वाढला की नियंत्रणाचा दांडा हलता हलत नसे आणि चाके इतकी जवळजवळ की उतरताना जीव मुठीत. जेट इंजिनाच्या मेसरश्मिट २६२ ची तर त्यांनी मनसोक्त स्तुती केली आहे. त्याच्या इंजिनाचे आयुष्य जेमतेम पंचवीस तासांचे होते, हे मात्र त्या स्तुतीच्या भरात झाकले नाही.

१० जून १९४५ रोजी हुसुम येथे त्यांनी मेसरश्मिट १६३ हे अग्निबाणावर चालणारे विमान उडवले. इंधनात तीव्र हायड्रोजन पेरॉक्साइड. गळले तर माणसाचे मांस जाळणारे, चुकीच्या जागी मिसळले तर स्फोट. तेही जेमतेम सात-आठ मिनिटे पुरणारे. उड्डाणापूर्वी तेथील जर्मन कारागिरांनी, काही विपरीत घडल्यास जबाबदारी आमची नाही, अशा कागदावर त्यांची सही घेतली. हरलेल्या देशातही कागद अबाधित होता हे वाचून आम्हांला, खोटे कशाला सांगा, आपल्या माणसांत आल्यासारखे वाटले.

हाइन्केल १६२ या बव्हंशी लाकडी विमानाच्या शेपटीवरील सुकाणू बेताने वापरा, असा इशारा ब्राऊन यांनी दिला होता. तो मानला गेला नाही. नोव्हेंबर १९४५ मध्ये प्रात्यक्षिकाच्या वेळी शेपटीचा भाग तुटला; वैमानिक गेला, जमिनीवरचा एक सैनिकही गेला. अहवालातील एका वाक्याला एवढे वजन असते.

आम्हीही अहवाल लिहिले. दर वर्षी मार्च संपला की हाताखालच्या माणसांचे गोपनीय अहवाल भरायचे. आमच्या कार्यालयात एक सहायक होते. जमाखर्चात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. पण बैठकीत सर्वांदेखत त्यांनी आमची आकडेवारीतील चूक दाखवली. चूक आमचीच होती. त्या वर्षी, आणि पुढच्याही वर्षी, आम्ही त्यांच्या नावापुढे 'साधारण' एवढाच शेरा लिहिला. त्यांची बढती चार वर्षे मागे पडली. वैरी म्हणावे असे त्यांनी आमचे काहीही केले नव्हते.

गेल्या दिवाळीत ते वाचनालयात भेटले. "नमस्कार साहेब," म्हणाले. ब्राऊन यांचे पुस्तक आमच्या हातात होते. कशावर आहे, असे त्यांनी विचारले.

"विमानांवर," आम्ही म्हणालो.

"वाचून झाल्यावर मला द्याल?"

पुस्तक अजून आमच्याच टेबलावर आहे. मुदत दोनदा वाढवून घेतली.