उंबरठ्यावरून येणारा आकडा

आपल्या निवासी शाळेतून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांपैकी कोणी शिक्षक झाले, कोणी वनखात्यात गेले, कोणी परिचारिका झाल्या, कोणी तलाठी. त्यांचे काम काय, हे गावात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. आम्हा तिघांच्या वाट्याला मात्र असा व्यवसाय आला, की सुटीत घरी गेलो म्हणजे ‘तुम्ही तिथे नेमके करता तरी काय?’ हा प्रश्न हमखास येतो. आम्ही सार्वजनिक आरोग्याच्या आकडेवारीचे विश्लेषण करतो आणि त्यावरून धोरण आखणाऱ्यांना सल्ला देतो, हे उत्तर खरे असले तरी ते ऐकून कोणाचे समाधान होत नाही. स्मरणिकेच्या निमित्ताने शाळेने चार शब्द मागितले, तेव्हा हेच उत्तर एकदा नीट द्यावे असे आम्ही ठरविले.

आमच्यापैकी कोणाच्याही आईला ‘तुम्हाला मुले किती?’ असे विचारले, तर ती आधी हयात असलेल्यांची संख्या सांगते. मग क्षणभर थांबून म्हणते, ‘अन् दोन गेली.’ ती दोन कोणत्याही वहीत नाहीत. नाव ठेवण्याआधीच गेलेल्या बाळाचा ना जन्म नोंदला गेला, ना मृत्यू. शासनदरबारी ते मूल कधी आलेच नव्हते आणि म्हणून कधी गेलेही नाही. जे मूल मोजले गेले नाही, त्याच्यासाठी औषध कोण मागणार, निधी कोण ठेवणार? आमच्या व्यवसायाचे मूळ आम्हाला या प्रश्नात सापडले.

किसा गौतमीची कथा आपण सर्वांनी शाळेत ऐकली आहे. मेलेले मूल कडेवर घेऊन ती तथागतांकडे आली, तेव्हा ज्या घरात कोणीही मेले नाही अशा घरातून मोहरी आणण्यास त्यांनी सांगितले. ती दारोदार फिरली, प्रत्येक उंबरठ्यावर तोच प्रश्न विचारला आणि मृत्यू सर्वांच्या घरी आहे हे तिला उमगले. तिच्यासाठी ती फेरी दुःखाच्या स्वीकाराकडे नेणारी होती. पण दारोदार फिरून मृत्यूविषयी विचारणे ही कृती आमच्या कामात पुढच्या एका प्रश्नाला जन्म देते. मृत्यू सर्वांच्या घरी आहे हे खरे; मग काही घरांत तो इतक्या लवकर आणि इतक्या वेळा का येतो?

हा प्रश्न शास्त्रीय रीतीने विचारला गेला तो आपल्याच भूमीत. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा झाला. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये येथे ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली. डॉ. राणी बंग व सहकाऱ्यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली; त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग असल्याचे दिसले. हा अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तोपर्यंत ग्रामीण स्त्रीच्या आरोग्याचा विचार बाळंतपण आणि कुटुंबनियोजन यांपलीकडे फारसा जात नव्हता. दुखणे होतेच, त्याविषयी कोणी विचारले नव्हते, इतकेच.

त्यानंतर नवजात बालकांचा प्रश्न हाती घेण्यात आला. ३९ गावे प्रत्यक्ष कामासाठी आणि ४७ गावे तुलनेसाठी निवडण्यात आली. जन्म-मृत्यूंची नोंद गावातच होत असे. शिवाय दर सहा महिन्यांनी घरोघर जाऊन सुटलेल्या नोंदी शोधल्या जात. उपचार सुरू करण्यापूर्वी वर्षभर केवळ निरीक्षण झाले. १९९५-९६ या वर्षात त्या ३९ गावांत ७६३ नवजात बाळांची नोंद झाली. त्यांपैकी ४० दगावली. निम्म्याहून अधिक बाळांना वैद्यकीय उपचारांची गरज भासेल असा काही ना काही त्रास झाला होता. डॉक्टरांपर्यंत पोहोचली ती केवळ २.६ टक्के. मृत्यूंचे सर्वांत मोठे कारण जंतुसंसर्ग हे होते. म्हणजे रुग्णालय कितीही सुसज्ज केले तरी जे बाळ तेथे पोहोचतच नाही, ते वाचणार नव्हते. उपचारानेच घरी जायला हवे होते.

गावातीलच, थोडेफार शिकलेल्या स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून प्रशिक्षण देण्यात आले. बाळाचे वजन करणे, ताप पाहणे, श्वास मोजणे, त्याला उबदार ठेवणे आणि जंतुसंसर्गाची लक्षणे दिसल्यास प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे, हे त्या शिकल्या. नवजात मृत्युदर हजार जन्मांमागे ६२ होता. तिसऱ्या वर्षी तो सुमारे २५ वर आला. तुलनेच्या गावांत तो साठाच्या आसपासच राहिला. १९९९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ती ४७ गावे नसती, तर काळ बदलला, पाऊस चांगला झाला, रस्ता आला, म्हणून मृत्यू कमी झाले, असे कोणीही म्हणू शकले असते. तुलनेमुळे तो आक्षेप उरला नाही.

पुढचा प्रवासही समजून घेण्यासारखा आहे. २००१ मध्ये ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल आला. राज्यातील १३ स्वयंसेवी संस्थांनी २३१ गावांत आणि ६ शहरी वस्त्यांत बालमृत्यू मोजले होते. महाराष्ट्रात दरवर्षी सुमारे पावणेदोन लाख बालमृत्यू होत असावेत, असा अंदाज त्यांतून निघाला. शासकीय नोंदींत त्यांतला लहानसा भागच दिसत होता. राज्यभर खळबळ उडाली आणि शासनाने डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी नवजात बाळासाठी गृहभेटींची संयुक्त शिफारस केली. २०११ मध्ये केंद्र शासनाने गृहाधारित नवजात बालसेवेची मार्गदर्शिका काढली. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येते, त्या वेळापत्रकाच्या मुळाशी गडचिरोलीच्या त्या ३९ गावांतील वह्या आहेत.

आकड्यांवरून धोरण घडते म्हणजे काय, याचे याहून स्पष्ट उदाहरण आमच्याजवळ नाही. त्यातून आम्ही घेतलेला मुख्य धडा असा, की जो आकडा उंबरठ्यावरून येतो आणि परत उंबरठ्यापर्यंत जातो, तोच धोरणाच्या कामाचा. न्यूमोनियाच्या कामात ‘सर्च’ने अंक न येणाऱ्या सुइणींसाठी एक साधन तयार केले होते. एक मिनिटाची वाळूची घडी आणि तारेत ओवलेले मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्याची पाळी आली, तर बाळाचा श्वास जलद चालतो आहे असे समजायचे. मोजणी, निष्कर्ष आणि उपचार या तिन्ही गोष्टी एकाच जागी, एकाच हातांत होत्या. आज आमच्यासमोर संगणकाच्या पडद्यावर रंगीत नकाशे असतात. त्यांची गती मोठी आहे, उपयोगही मोठा आहे; पण त्या मण्यांनी जे साधले, ते आपल्या नकाशाने साधते का, हा प्रश्न आम्ही प्रत्येक कामाच्या वेळी स्वतःला विचारतो.

तो विचारावा लागतो, कारण आपल्या भागात आकडा वाटेत हरवण्याच्या जागा पुष्कळ आहेत. पहिले बाळंतपण माहेरी होते; जन्म एका गावात, पुढचे संगोपन दुसऱ्या गावात. मिरची तोडणीच्या हंगामात कुटुंबेच्या कुटुंबे तेलंगणात जातात आणि त्या काळात बाळ दोन्हीकडच्या यादीबाहेर राहते. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. जिल्ह्याची सरासरी काढली, तर रेल्वे असलेल्या देसाईगंजची सोय भामरागडची गैरसोय झाकून टाकते. सरासरी खोटी नसते. ती अर्धवट असते.

लहान गावांचा हिशेबही जपून करावा लागतो. चारशे वस्तीच्या गावात वर्षाला साधारण आठ जन्म होतात. त्यांपैकी एक बाळ दगावले, तर मृत्युदर हजारी १२५ निघतो. पुढच्या वर्षी कोणी दगावले नाही, तर तो शून्य. या दोन आकड्यांवरून गावाला आधी ‘सर्वांत वाईट’ आणि मग ‘आदर्श’ ठरविणे म्हणजे त्या गावावर आणि तेथील आशाताईवर दोनदा अन्याय करणे होय. अशा वेळी अनेक गावे आणि अनेक वर्षे एकत्र करून पाहावी लागतात. आमच्या सल्लागारीचा मोठा भाग, घाईने निष्कर्ष काढू नका हे अधिकाऱ्यांना आकड्यांनिशी पटवून देण्यात जातो.

याहून कठीण आहे ती भीती. मृत्यू नोंदविला की चौकशी, खुलासा आणि कागदपत्रे मागे लागतील, असे जिच्या मनात बसले आहे, तिच्या वहीत मृत्यू कमी होतात. गावात ते होतच राहतात. त्यामुळे नोंद करणाऱ्या हाताला शिक्षेपासून अभय देणे, हा आम्हाला कोणत्याही संगणकप्रणालीपेक्षा मोठा सुधार वाटतो. एखाद्या तालुक्यात नोंदविलेले मृत्यू अचानक वाढले, तर पहिला प्रश्न ‘चुकले कोणाचे?’ असा नसावा. ‘आता खरे दिसू लागले का?’ असा असावा. बैठकीत हे वाक्य बोलायला धैर्य लागते. ते धैर्य आम्ही याच शाळेच्या अंगणात शिकलो, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. कोणी मोठ्याने सांगितले म्हणून, परंपरेने आले म्हणून मानू नका; पाहा, पारखा आणि मग स्वीकारा, ही कालामांना दिलेली शिकवण आमच्या व्यवसायातही पहिली आहे.

मोजणीबाहेर राहण्याची गोष्ट केवळ बाळांपुरती नाही. २०११ च्या जनगणनेनुसार देशात आदिवासींची संख्या सुमारे १०.४ कोटी होती. त्यांच्या आरोग्यासाठी २०१३ मध्ये केंद्राने डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली. २०१८ मध्ये अहवाल सादर करताना, आदिवासींच्या आरोग्याची वेगळी माहितीच पुरेशी उपलब्ध नाही, ही अडचण या समितीलाही मांडावी लागली. ज्यांच्याविषयी माहिती नाही त्यांच्याविषयी धोरण कसे करणार? गावकुसाबाहेरच्या वस्त्यांतून आलेल्या आपल्या समाजाला हा प्रश्न परका नाही.

म्हणून पालकांना आमची विनंती आहे, की घरातील प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू नोंदवा. बाळ तासाभराचे असले तरी नोंदवा. आशाताई वही घेऊन दारी आली, तर तिला बसायला चटई द्या आणि खरे सांगा. माजी विद्यार्थ्यांपैकी जे ग्रामपंचायतीत आहेत त्यांनी वर्षातून एकदा तरी ग्रामसभेत विचारावे: आपल्या गावात यंदा किती मुले जन्मली, किती गेली, का गेली? आणि शाळेत आज गणिताच्या तासाला कंटाळून बसलेल्या लहान भावंडांना आम्ही एवढेच सांगू, की टक्केवारी आणि सरासरी ही केवळ परीक्षेपुरती नाहीत. आमच्या आयांनी थांबून सांगितलेल्या त्या ‘दोन’ मुलांना मोजण्याची ती साधने आहेत. आम्ही काय करतो, या प्रश्नाचे आमचे उत्तर हेच आहे.